संगणकाचं बेणंही पारखून घ्या



या पानावर मी नेहमी बेणे, खोडवा, हुमणी आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहितो. या खेपेला विषय जरा वेगळा आहे. ऊस बिल खात्यावर जमा झाले, सोसायटीची कपात जाऊन चार पैसे हातात उरले, की गट ऑफिसला एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, पोराला कॉम्प्युटर घ्यायचाय. आय फाइव्ह घेऊ का आय सेव्हन?"

मी शेतकी पदविकेचा माणूस. संगणकाचा इंजिनिअर नव्हे. तरीही लिहायला बसलो, कारण या बाबतीत मी स्वतः ठेच खाल्ली आहे, आणि पुढच्याला ठेच लागली तर मागच्याने शहाणे व्हावे ही आपल्याकडची जुनी रीत आहे. खाली लिहिले आहे ते माझे वैयक्तिक मत आहे, कारखान्याचे धोरण नव्हे.

माझी फसगत

२०२१ साली माझ्या थोरलीने सिव्हिलच्या पदविकेला प्रवेश घेतला. तालुक्याच्या गावी एका दुकानात वापरलेले लॅपटॉप दुरुस्त करून विकायला होते. नवा घेण्याची ऐपत त्या वर्षी नव्हती. टेबलावर दोन लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवलेले. एकावर आय ५ ची चिठ्ठी, दुसऱ्यावर आय ७ ची. आय ७ दोन हजारांनी महाग. मी मनात म्हटले, पाचापेक्षा सात मोठा, पोरीच्या शिक्षणात कशाला काटकसर? अठ्ठावीस हजार मोजले आणि आय ७ घेऊन घरी आलो. गल्लीत दोघा-तिघांना सांगूनही झाले.

चार महिने गेले. पोरगी रोज संध्याकाळी मैत्रिणीकडे जाई, रात्री नवाला परत येई. मला वाटे, दोघी मिळून अभ्यास करतात. एकदा तिला आणायला गेलो तर ही मैत्रिणीच्या लॅपटॉपवर ड्रॉइंग काढत बसलेली आणि मैत्रीण बाजूला खोळंबलेली. घरचा लॅपटॉप ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरला अडकून पडत होता. "मग सांगितलं का नाहीस?" म्हटले तर म्हणाली, "पप्पा, तुम्ही एवढ्या हौसेनं आय सेव्हन आणला. कसं सांगू?"

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या संगणक विभागातल्या एका तरुणाला तो लॅपटॉप दाखवला. त्याने दोन बटणे दाबली आणि म्हणाला, "साहेब, ह्याच्यात दोनच कोअर आहेत." प्रोसेसर होता आय ७-७५००यू. २०१६ सालचा, सातव्या पिढीचा. शेजारचा, मी नाकारलेला, तो आय ५-८२५०यू होता. २०१७ सालचा, आठव्या पिढीचा, चार कोअरचा. म्हणजे जास्त पैसे देऊन मी निम्मे कोअर घरी आणले होते. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!

यात कंपनीने काही लपवले नव्हते. पूर्ण क्रमांक यंत्रात लिहिलेलाच होता. दुकानदारही खोटे बोलला नाही. मी विचारले, "आय सेव्हन आहे ना?" तो म्हणाला, "आहे." एखाद्या शेतकऱ्याने बेणे घेताना फक्त "को आहे ना?" एवढेच विचारावे आणि ट्रॉली भरून न्यावी, तसा माझा व्यवहार झाला. आणि हा मी कोण, तर जात, वय आणि मळा पाहिल्याशिवाय बेणे घेऊ नका म्हणून तुम्हाला वर्षानुवर्षे रागावणारा!

कोयते किती, आणि कसे

प्रोसेसर म्हणजे संगणकातला प्रत्यक्ष काम करणारा भाग. त्यात कोअर असतात. कोअर म्हणजे आपल्या तोडणी टोळीतले कोयते समजा. दोन कोयत्यांची टोळी आणि चार कोयत्यांची टोळी यांत एकरभर उसाला किती फरक पडतो हे तुम्हाला सांगायला नको.

दुकानात आणखी एक शब्द ऐकू येतो, थ्रेड. "चार थ्रेड आहेत" असे सांगितले की ऐकणाऱ्याला चार कोअर वाटतात. आपल्याकडे एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एक तोडतो, दुसरी मोळी बांधते. माणसे दोन असली तरी तोड दुप्पट होत नाही, मात्र काम अडत नाही. थ्रेडचे असेच आहे. माझ्या लॅपटॉपचे कोअर दोन आणि थ्रेड चार होते. म्हणून आधी कोअर विचारा, थ्रेड नंतर.

इंटेलच्या बाराव्या पिढीपासून बऱ्याच प्रोसेसरांत दोन प्रकारचे कोअर एकत्र आले आहेत. काही मोठे, जोराच्या कामाचे. काही लहान, कमी वीज खाणारे. आय ३-१२१५यू या लॅपटॉपच्या प्रोसेसरात सहा कोअर आहेत, पैकी दोन मोठे व चार लहान. हे वाईट नाही, घरकामाला चांगलेच आहे. फक्त सहा म्हणजे सहा सारखे, असा हिशेब धरू नये.

पण घराला कोयते लागतात तरी किती? दहा गुंठ्यांच्या तुकड्यात सोळा कोयते घातले तर निम्मे बांधावर बसून राहतील. सातबारा काढणे, अर्ज भरणे, डेअरीचा हिशेब, मुलांचा ऑनलाइन वर्ग, यूट्यूबवरची शेतीची माहिती, या कामांना चार चांगले कोअर पुरे होतात. जास्तीचे कोअर रिकामे बसतात आणि त्यांचे पैसे मात्र आपण देऊन बसलेलो असतो.

नाव वाचायला शिका

आता मुख्य गोष्ट. ती तुम्हाला इतरांपेक्षा लवकर कळेल, कारण तुम्ही उसाच्या जातींचे आकडे रोज वाचता. को ८६०३२ यात 'को' म्हणजे कोइमतूर, ८६ म्हणजे १९८६ साल, ०३२ हा त्या सालचा क्रमांक. पाडेगावच्या फुले २६५ चे पूर्ण नाव को एम ०२६५, त्यातले ०२ म्हणजे २००२. नुसते 'को' म्हणून काहीच कळत नाही. को ७४० सुद्धा 'को'च होता. आपल्या वडिलांच्या काळात त्याचे राज्य होते. आज कोणी फुकट दिला तरी सगळ्या रानात लावाल का?

इंटेलच्या नावाचेही तसेच आहे. आय ५-१२४०० यात आय ५ हा नुसता गट. पुढचे १२ म्हणजे बारावी पिढी. ४०० हा त्या पिढीतला क्रमांक. आय ७-२६०० मध्ये पिढी दुसरी, साल २०११. आय ३-१२१०० मध्ये पिढी बारावी, साल २०२२. दोघांना चार कोअर, आठ थ्रेड. वेगाचा आकडा पाहाल तर जुन्याचा ३.४ गिगाहर्ट्झ आणि नव्याचा ३.३. कागदावर जुना आय ७ सरस दिसतो. प्रत्यक्षात एकेका कोअरमागे नवा आय ३ जवळजवळ दुप्पट काम उरकतो, आणि वीजही कमी घेतो. जुन्याची मर्यादा ९५ वॅट, नव्याची मूळ मर्यादा ६० वॅट. चरक्याचे फेरे तेवढेच, पण दर फेऱ्याला रस जास्त, असा हा प्रकार.

जुन्या ऑफिसांतून निघालेले दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे आय ७ नव्या चकचकीत डब्यात घालून विकायला ठेवलेले दिसतात. डबा नवा असतो, बेणे को ७४० चे असते.

एएमडी कंपनीचे रायझन प्रोसेसर २०१७ पासून बाजारात आहेत आणि घरकामाला उत्तम आहेत. पण तिथेही आकडा वाचावा लागतो. लॅपटॉपच्या ७००० मालिकेत तिसरा आकडा रचना किती नवी ते सांगतो. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू ऐकायला सख्खे भाऊ वाटतात. पहिल्याची रचना झेन २, म्हणजे २०१९ साली आलेली, कोअर चार. दुसऱ्याची झेन ३, कोअर सहा. एका आकड्यात एवढा फरक!

२०२३ च्या अखेरीपासून इंटेलच्या नव्या नावांतला 'आय' गळू लागला आहे. कोअर अल्ट्रा ५, कोअर ५ अशी नावे आली. सेलेरॉन आणि पेंटियम ही नावेही लॅपटॉपसाठी २०२३ पासून बंद झाली. नावे बदलत राहणार. रीत बदलत नाही: पूर्ण क्रमांक घ्या आणि त्याचे साल व कोअर शोधा.

शेपटीचे अक्षर

क्रमांकाच्या शेवटी एखादे अक्षर असते. ते छोटे दिसते, पण कोरडवाहू आणि बागायत यांतला फरक करून जाते.

'यू' म्हणजे लॅपटॉपचा कमी वीज खाणारा प्रोसेसर. बॅटरी जास्त टिकते, तापतो कमी. ज्या गावात लाईट कधी जाईल याचा नेम नाही, तिथे हाच सोयीचा. 'एच' म्हणजे लॅपटॉपचा जोरदार, पण तापट. त्याला पंखा मोठा लागतो, आणि आपल्याकडचा एप्रिलचा उन्हाळा व फुफाटा त्याला मानवत नाही.

टेबलावरच्या संगणकात इंटेलच्या शेवटी 'एफ' असेल तर त्यात चित्र दाखवणारा भागच नसतो. वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यावे लागते, नाहीतर पडदा काळाच राहतो. आय ३-१२१००एफ थोडा स्वस्त मिळतो म्हणून आणला, आणि कार्डापायी वाचले त्याच्या कितीतरी पट गेले, असे होऊ देऊ नका. रायझनमध्ये याच्या उलट: ५६००जी मध्ये चित्राची सोय आहे, नुसत्या ५६०० मध्ये नाही. 'के' अक्षराचा प्रोसेसर वेग वाढवून खेळणाऱ्या हौशी लोकांचा. घरात त्याची गरज नाही.

"घेतोय तर मोठाच घेऊ, दहा वर्षे चालेल"

हा युक्तिवाद मी सर्वांत जास्त ऐकतो. मीही तोच केला होता. तो खोटा कसा, हे १४ ऑक्टोबर २०२५ ने दाखवले. त्या दिवशी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला. पुढची विंडोज ११ ही २०२१ साली आली, आणि तिच्या मान्य यादीत इंटेलचे, मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर आहेत. म्हणजे सातव्या पिढीचा माझा आय ७ यादीबाहेर आणि आठव्या पिढीचा साधा आय ३ यादीत! ज्या आय ५ ला मी दुकानात नाक मुरडले, तोही यादीत.

यावरून माझे मत पक्के झाले. संगणक मोठेपणाने टिकत नाही, नवेपणाने टिकतो. त्याच पैशात जुना मोठा आणि नवा लहान मिळत असेल, तर घरासाठी नवा लहान घ्यावा.

गव्हाणीत ऊस नसेल तर

चरका पाच हजार टनांचा बसवला आणि गव्हाणीत ऊसच वेळेवर आला नाही तर काय होते? 'नो केन' होऊन कारखाना उभा राहतो. संगणकात प्रोसेसरला माल पुरवण्याचे काम रॅम आणि डिस्क करतात. माझ्या लॅपटॉपात रॅम चार जीबी होती आणि डिस्क जुन्या पद्धतीची, आत तबकडी फिरणारी. दोन कोअर कमी होते हे खरे, पण जे होते तेही मालाची वाट पाहत बसत.

त्या तरुणाने सांगितल्यावर मी एसएसडी बसवली आणि रॅम आठ जीबी केली. लॅपटॉप सुरू व्हायला पाच मिनिटे लागत, तो अर्ध्या मिनिटात उघडू लागला. साधी कामे झरझर होऊ लागली. मोठे ड्रॉइंग मात्र तरीही अडखळायचे, कारण तिथे कोयतेच कमी. यातून दोन धडे मिळाले. एक, घरात जुना संगणक असेल तर फेकण्याआधी एसएसडी आणि रॅम पाहा. दोन, नवा घेताना आय ५ वरून आय ७ वर उडी मारायला जे पैसे लागतात, ते आय ५ च ठेवून रॅम आणि एसएसडीत घाला. जिथे आय ३ पुरतो, तिथे आय ३ ठेवून तसेच करा.

जमीन पाहून जात

चोपण जमिनीत फुले २६५ तग धरतो म्हणून तो तिथे लावायचा. प्रत्येक रानाला एकच जात नसते. तसेच घराचे काम पाहून प्रोसेसर ठरवावा. माझी शिफारस अशी:

१) फक्त पीक पाहणी आणि व्हॉट्सअॅप एवढेच काम असेल, तर संगणक घेऊच नका. मोबाईल पुरे आहे. ते पैसे ठिबकला घाला.

२) अर्ज, सातबारा, दूध-पतपेढीचा हिशेब, व्हिडिओ पाहणे एवढे असेल, तर इंटेलचा एन१०० सारखा लहान प्रोसेसरही चालतो. २०२३ चा आहे, चार लहान कोअर, सहा वॅटचा. रॅम आठ जीबी आणि एसएसडी हवीच. मात्र दोन कोअरचे जुने सेलेरॉन, चार जीबी रॅमवाले, कितीही स्वस्त मिळाले तरी नको.

३) शाळा-कॉलेजचा अभ्यास, ऑनलाइन वर्ग, टॅली, एक्सेल असे मिश्र काम असेल, तर बाराव्या पिढीचा किंवा पुढचा आय ३, अथवा त्या तोडीचा रायझन. आठ जीबी रॅम आणि पुढे वाढवायची जागा. बहुसंख्य सभासदांच्या घराला हाच लागू पडेल.

४) इंजिनिअरिंगचे ड्रॉइंग, प्रोग्रामिंग, व्हिडिओ जोडणे असेल, तर नव्या पिढीचा आय ५ किंवा रायझन ५, सहा किंवा जास्त कोअर, रॅम सोळा जीबी. त्रिमितीय काम असेल तर ग्राफिक्सची अट कॉलेजात विचारून घ्या.

५) आय ७, आय ९, रायझन ९ हे ज्याचा त्यावर धंदा आहे त्याने घ्यावेत. लग्नाच्या व्हिडिओंचा स्टुडिओ असेल तर तासभर वाचला की पैसा वाचतो. बाकी घरात ते जनावर गोठ्यात उभे राहून वैरण खाणार.

दुकानात काय करावे

लॅपटॉप चालू करायला लावा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स आणि मग सीपीयू वर गेलात की प्रोसेसरचे पूर्ण नाव आणि कोअर किती ते स्वच्छ लिहिलेले दिसते. तिथेच मेमरीवर गेलात की रॅम दिसते आणि डिस्कवर गेलात की ती एसएसडी आहे का तेही कळते. दोन मिनिटांचे काम आहे. ते मी त्या दिवशी केले असते तर पोरीचे चार महिने वाचले असते.

पूर्ण क्रमांक कागदावर लिहून घ्या, त्याच दिवशी पैसे देऊ नका. घरी या, कोणा जाणत्याला दाखवा. गट ऑफिसला आणलात तर मीही पाहून सांगेन. आणि घ्याल तेव्हा पक्क्या बिलावर 'आय सेव्हन लॅपटॉप' असे मोघम नको, पूर्ण क्रमांक, रॅम आणि एसएसडी लिहून घ्या. काट्यावरची पावती नुसती 'ऊस' म्हणून दिली तर आपण घेतो का? टन, क्विंटल, किलो पाहूनच खिशात घालतो ना?

जाता जाता एकच सांगतो. जास्त पैसे मोजले म्हणजे मुलांवर जास्त माया केली असे नसते. मी माया केली अठ्ठावीस हजारांची, आणि पोरगी संध्याकाळची दुसऱ्याच्या दारात. तिचा बाप चुकला हे तिने चार महिने लपवले. यंदा घेण्यापूर्वी मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवून विचारा, "तुला यावर काय करायचंय?" तिने सांगितलेले काम एका कागदावर लिहा आणि तो कागद घेऊन दुकानात जा. पुढच्या वेळी माझ्याकडे याल तेव्हा "आय फाइव्ह का आय सेव्हन?" असे विचारू नका. कागद दाखवा, मग बोलू.

कळावे. लोभ आहेच, तो वाढावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी